विनोदी नटाचें वार्धक्य

वार्धक्याला शास्त्रकारांनीं मान दिला आणि नाटककारांनीं हशा दिला. ह्या दोहोंपैकीं वृद्धाला अधिक उपकारक कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मान दुरूनही देतां येतो. बरोबर हंसण्यासाठीं मात्र जवळ बसावें लागतें. परंतु हंसणें हें शस्त्रही आहे, आणि तें कोणाच्या हातीं आहे ह्यावर त्याचा गुणदोष ठरतो.

गोविंद बल्लाळ देवल ह्यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला महाराष्ट्र पोटभर हंसला. तें हंसणें वयाला नव्हतें. वय नाकारण्याच्या हट्टाला, आणि त्या हट्टाची किंमत एका कोवळ्या मुलीनें द्यावी ह्या निर्लज्जपणाला तें होतें. पुढें २०२५ सालीं 'अशी ही जमवा जमवी' हा चित्रपट आला. त्यांत १९४७ सालीं जन्मलेले अशोक सराफ हे वंदना गुप्ते ह्यांच्यासह उतारवयांतील प्रेमाची कथा रंगवितात. येथेंही म्हातारा प्रेमांत पडतो व प्रेक्षक हंसतात. पण येथें कोणी कोणाला फसवीत नाहीं, म्हणून त्या हंसण्याला विषाची धार नाहीं. ह्यावरून असें दिसतें कीं, विनोदाचें खरें लक्ष्य वय नसून वयासंबंधींचें असत्य होय.

विनोदी नटाला हें असत्य विशेष महाग पडतें. गंभीर नटाचे केस पिकले म्हणजे त्याला राजाच्या बापाची भूमिका मिळते व त्याचें वजन वाढतें. विनोदी नटाचें भांडवल म्हणजे त्याचें चपळ शरीर आणि शब्द नेमक्या क्षणीं टाकण्याची हातोटी; नेमकें तेंच भांडवल काळ हळूहळू परत मागतो. चार्ली चॅप्लिन ह्यानें वयाच्या ६३ व्या वर्षीं, १९५२ सालीं, 'लाइमलाइट' ह्या चित्रपटांत असाच एक विस्मृत विदूषक उभा केला. ज्याला पाहून आतां कोणी हंसत नाहीं, तोच जीव द्यावयास निघालेल्या एका नर्तिकेला जगण्याचा धीर देतो. आपली कला ओसरत असल्याचें ठाऊक असूनही दुसऱ्याचें मन हलकें करावें, ही विनोदाची अखेरची परीक्षा होय.

ही परीक्षा केवळ नटांचीच असते असें नाहीं. दंडार व खडी गंमत पाहत वाढलेल्या आमच्या वऱ्हाडांत ती गांवोगांव चाललेली असते. नांदगाव खंडेश्वर येथें खंडेश्वराच्या पुरातन देवळाकडे निघालेल्या एखाद्या वृद्धाला "कसं हाये, आबाजी?" म्हणून विचारावें, "पिकलं पान हाये बाप्पा, वारा येईस्तोर झाडावर," अशा धर्तीचें उत्तर मिळावयाचें. कोणी म्हणेल, ही भीतीवर घातलेली रंगीत चादर आहे. मला तसें वाटत नाहीं. चादर घालणारा मृत्यूचें नांव टाळतो. हा तर तें प्रथम स्वतःच घेतो, आणि ऐकणाऱ्याचा संकोचही दूर करतो.

मात्र हा अधिकार ज्याचा गुडघा दुखतो त्याचाच. तेंच वाक्य नातवाच्या तोंडीं आलें कीं तो क्रूरपणा ठरतो. ह्याहून सूक्ष्म अपराध सुशिक्षित घरांतून घडतो. आजोबा आपल्या बहिरेपणावर विनोद करतात, सारे हंसतात, आणि त्यांच्याशीं मोठ्यानें बोलण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाहीं. विनोदानें वेदना सांगितली जाते. ती संपत नाहीं. नाट्यगृहांत टाळ्या वाजविल्या कीं प्रेक्षकाचें कर्तव्य पुरें होतें. घरांत तें हंसून झाल्यावर सुरू होतें: खुर्ची जवळ ओढावी, आणि "गुडघा आज कसा आहे?" म्हणून खरोखर विचारावें.