लगाम ढिला सोडण्याची वेळ

बत्तिसाव्या स्तोत्रांत देव आपल्या लोकांस मार्ग दाखविण्याचें अभिवचन देतो, आणि लागलीच पुढें घोडा व खेंचर यांच्या लगामाची गोष्ट निघते. ह्या लगामाचा विचार करण्यांत अमेरिकेंतील एका मनुष्यानें सारें आयुष्य घालविलें.

रे हंट हा 1929 सालीं आयडाहो प्रांतांत जन्मला. त्या मुलखांत कोंवळ्या घोड्यास वठणीवर आणण्याची जुनी रीत कठोर होती. दोर टाकून पकडावें, पाय बांधावा, खोगीर कसावें, आणि तो उड्या मारून थकेपर्यंत पाठ सोडूं नये. हंटपाशीं होंडो नांवाचा मोठा द्वाड घोडा होता. त्याच्यापायीं हंट टेकीस आला असतां, 1960 च्या सुमारास, त्याला टॉम डॉरन्स (1910–2003) हा ऑरेगन प्रांताचा शांत वृत्तीचा मनुष्य भेटला. त्यानें हंटला घोड्याच्या बाजूनें पाहावयास शिकविलें.

घोडा हा हिंस्र पशूंचें भक्ष्य. भय वाटलें कीं पळणें हाच त्याचा स्वभाव. आपण ज्यास हट्ट म्हणतों ती बहुधा भीति असते. म्हणून लगाम हलकेच ओढून थांबावें, आणि घोड्यानें मान तसूभर वळवितांच त्याच क्षणीं ढिला सोडावा. घोडा ओढीनें शिकत नाहीं, सुटकेनें शिकतो. सोडण्यास उशीर झाला, तर आपण कशामुळें सुटलों हें त्यास उमगत नाहीं. चाबकानेंही घोडा वळतो, हें खरें; पण असला घोडा धन्याची पाठ फिरण्याची वाट पाहतो.

पुढें हंटनें 2009 सालीं मरेपर्यंत हीच विद्या अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत शिकविली. लोक घोड्याचें गाऱ्हाणें घेऊन येत. हंट घोड्याची बाजू घेई व धन्यास खडसावी. घोड्यांपुरती त्याची सौम्यता माणसांच्या वांट्यास येत नसे, ही त्याची उणीवच म्हणावी.

उपदेशक बंधूंनो, उधळ्या पुत्राचा बाप आठवा. मुलगा दूर आहे तोंच तो धांवला. पाठ करून आणलेली क्षमायाचनाही त्यानें पुरी होऊं दिली नाहीं. आपल्या मंडळींतला एखादा बंधु चार महिने उपासनेस आला नाहीं, आणि येत्या रविवारीं तो मागें दाराशीं येऊन बसला, तर आपण त्याला पहिलें काय विचारणार? “इतके दिवस कोठें होतास?” हेंच काय?