काच आणि गाठ

कापूस वेचणीच्या दिवसांत धामणगाव बढेच्या शिवारात बाया कमरेला ओटी बांधून तासातासाने पुढे सरकतात. मजुरी किलोवर, त्यामुळे ओटी जड झाल्याशिवाय कुणी ती सोडत नाही. लुगड्याचा किंवा परकराच्या नाडीचा काच रोज त्याच रेषेवर बसतो. घामाने कातडी काळवंडते, मग सोलते. काचल्याचा दवाखाना कोण करतं? खोबरेल चोळायचं नि कामाला लागायचं.

क्वचितच, पण या रेषेवर कर्करोग उठतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या काचाने होणारा कर्करोग १९४५ सालीच नोंदवला होता. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातली एक लुगडं नेसणारी. तिची जखम दोन वर्षं भरली नव्हती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट वाढीचे रासायनिक संदेश सोडतात. आसपासच्या पेशी विभागू लागतात, एकमेकींची पकड सैल करून उघड्या जागेकडे सरकतात. व्हीईजीएफ हे प्रथिन नव्या केशवाहिन्या उगवायला लावतं. कर्करोगाची गाठ वाढते तीही याच संदेशांवर. अमेरिकेतले हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटलं, ते शब्दशः घ्यावं असं मला वाटतं. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगावरचं औषध व्हीईजीएफला अडवतं. म्हणूनच ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान २८ दिवस आधी ते बंद करतात, नाहीतर टाके घातलेली जखम भरायला अडचण येते.

साधी जखम मिटली की संदेश ओसरतात, जादा पेशी मरून जातात. काचलेल्या कमरेला ही सवड मिळत नाही. रात्रीतून जे सांधलं ते नाडी सकाळी पुन्हा सोलते. वर्षानुवर्षं विभागणी चालू, आणि दर विभागणीत जनुकांची नक्कल चुकायला वाव. एखादी चूक अशी पडते की संदेश थांबला तरी पेशी वाढतच राहते. कर्करोगाला घुसखोर म्हणून त्याच्याशी लढाईची भाषा आपण करतो, ती मला म्हणूनच अपुरी वाटते; इथे बाहेरून कुणी आलेलंच नसतं.

नाडी सैल बांधा, रुंद पट्ट्याची घ्या, असं डॉक्टर सांगतात. तेवढं घरच्या घरी जमतं. महिनोन्‌महिने न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला मात्र शहर गाठावं लागतं, तेही ऐन वेचणीत, दिवसाचे किलो बुडवून.