डबा परत नको



आजच्या वाचनात गीतेच्या सतराव्या अध्यायातले श्लोक २० ते २२ आले. दानाचे तीन प्रकार. विसाव्यात सात्त्विक दान आहे: जो परतफेड करणार नाही अशाला, देणं कर्तव्य आहे एवढ्याच भावाने दिलेलं. बाविसाव्यात तामस दान: चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, मान न राखता, तुच्छतेने दिलेलं. हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचलेत. तामस म्हटलं की डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी यायचं. या वेळी आमच्या नांदेडच्या घरातलं ओट्याखालचं कपाट आलं.

त्या कपाटात श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, कॉफीच्या बाटल्या, सगळं धुऊन रचून ठेवलेलं असतं. आई काही टाकत नाही. मला त्याचा अभिमानच वाटायचा, कचरा कमी आणि काटकसरही! त्यातल्या काचेच्या बाटल्यांत आमचं लोणचं, मेतकूट. आणि प्लास्टिकचे डबे कुणाला काही द्यायचं असलं की. म्हणजे कुणाला? इथेच मी अडकले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मैत्रिणीकडे पुरणपोळ्या पाठवल्या त्या स्टीलच्या डब्यात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दिल्या त्या पार्सलच्या डब्यात. वर गरम कटाची आमटी आइस्क्रीमच्या डब्यात ओतली, त्याचं झाकण वाफेने वाकडं झालं. आमच्या पोटात जाणारी आमटी मी त्यात कधीच ओतली नसती. आणि मोठ्या मनाने म्हणाले, "मावशी, डबा परत नको हं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी दोन्ही डबे आणून दिले. घासून लख्ख, आणि एकात शेंगदाण्याची चटणी. म्हणाल्या, "रिकामा कसा देऊ ताई?"

माझी लातूरची आजीही हेच म्हणायची. शेजारचं भांडं रिकामं धाडू नये, चिमूटभर साखर तरी घालावी. तिच्याकडेही जुने डबे ढीगभर होते. तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे ज्वारी-डाळीला, पाच लिटरचे कॅन पाण्याला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर. तेव्हा हेच तेलाचे कॅन टँकरच्या रांगेत उभे असायचे, ऑइलपेंटने नाव घातलेले. शेजारच्या काकूंना गुडघ्यांमुळे यायला जमायचं नाही, त्यांचे कॅन आजी आपल्या कॅनांसोबत भरून घ्यायची. भरलेला कॅन पोचला की सकाळी रिकामा परत यायचा, पुन्हा रांगेत. ते डबेही फुकटचेच, टाकाऊच. पण त्यांच्यावर नाव होतं आणि त्यांना परत यायचं होतं.

म्हणजे दोष डब्याचा नाही, प्लास्टिकचा तर नाहीच. (श्रीखंडाच्या डब्यात तुळस लावणाऱ्यांनी खुशाल लावावी, आमच्या गॅलरीत तीन आहेत.) माझं "परत नको" वरवर विसाव्या श्लोकासारखं ऐकू येतं: परतफेडीची अपेक्षा नाही. पण मी अपेक्षा सोडली नव्हती, किंमत नसलेली वस्तू सोडली होती. त्यागाला आधी काहीतरी आपलं वाटावं लागतं ना? शिवाय "परत नको" म्हणजे पुन्हा देवाणघेवाण नको, असाही त्याचा अर्थ मावशींना लागला असेल का? विचारायचं धाडस झालं नाही.

मग उलट शंका आली. स्टीलचा डबा दिला आणि तो परत यावा असं मनात राहिलं, तर ती अपेक्षाच की. मला वाटतं, फळाची अपेक्षा वेगळी आणि माणसाने पुन्हा आपल्या दारात यावं ही वेगळी. पण हे मी सोयीचं बोलतेय का, तेही तपासायला हवं. तुम्हाला काय वाटतं, कळवा.

परवा गव्हाची खीर केली. आईचा झाकणाचा स्टीलचा डबा भरून मावशींना दिला. त्यांनी झाकण दाबून बघितलं, "हे घट्ट हाय, ऑटोत सांडायचं नाही," म्हणाल्या. डबा अजून आलेला नाही. आई रोज एकदा विचारते, आणि खरं सांगू, मीही रोज दारातून त्यांच्या पिशवीकडे बघते.