एका लिटरचे मनन

जरा निवांत बसा. आज ज्याचे मनन करायचे ते रोजच्या वापरातले आहे: आपली मोटरसायकल एका लिटरमध्ये खरोखर किती चालते?

तुमच्या मनात याचा एक आकडा असेलच. पन्नास, पंचावन्न, साठ. तो आठवा आणि स्वतःला विचारा, हा मला कुठून मिळाला? शोरूममध्ये ऐकला, मित्राने सांगितला, की गाडी नवी असताना कधीतरी काढला होता? उगम सांगता येत नसेल तर तो आकडा आत्ता बाजूला ठेवा. त्याला खोटे ठरवण्याची घाई नको. मोजायला बसायचे तर पाटी कोरी असावी, एवढेच.

आता टाकी डोळ्यांपुढे आणा. आत किती पेट्रोल उरले हे झाकण उघडून वाकून पाहिल्याने कळत नाही. काट्यावरही फार विसंबता येत नाही. चढावर तो एक सांगतो, उतारावर दुसरे. जुन्या गाड्यांना कॉक रिझर्व्हला लागला की एक लिटर टाकून मोजायची पद्धत आहे, पण रिझर्व्हही रस्त्याच्या कलाप्रमाणे पुढेमागे लागतो. त्यातल्या त्यात खात्रीची खूण म्हणजे भरलेली टाकी.

म्हणून पंपावर सपाट जागा पाहा. गाडी मेन स्टँडवर घ्या, कारण साइड स्टँडवर टाकी कलते आणि तेवढेच पेट्रोल वेगळ्या पातळीला दिसते. मशीनवर शून्य आहे ना, बघा. टाकीच्या तोंडाशी आत जो गळा असतो, त्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल येऊ द्या. त्यावर नको, उन्हाने पेट्रोल फुगते, त्याला जागा लागते. ही पातळी नजरेत नीट साठवा, पुढच्या वेळी नेमके इथेच परत यायचे आहे. ट्रिप मीटर शून्यावर आणा.

इथे क्षणभर थांबा. आपल्यातले कितीतरी जण 'दोनशेचं टाका' म्हणून पंपावरून निघतात. टाकी कधी पूर्ण भरतच नाही, त्यामुळे हिशेबही कधी पूर्ण होत नाही. खिशाला परवडेल तसे टाकण्यात कमीपणा काही नाही. महिन्यातून एकदा टाकी भरता आली, तरी दोन भरलेल्या टाक्यांच्या मधले सगळे दोनशे-दोनशे हिशेबात येतात. फक्त दर वेळी किती लिटर पडले ते लिहून ठेवायचे.

आता गाडी चालवा, रोज चालवता तशीच. मोजतोय म्हणून जपून चालवाल, तर मिळणारा आकडा तुमच्या रोजच्या चालवण्याचा राहणार नाही.

चालवताना त्या एका लिटरकडे लक्ष द्या. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जळायला सुमारे ११ किलो हवा इंजिनात ओढली जाते. त्यात साठलेली ऊर्जा विजेच्या जवळजवळ ९ युनिटांइतकी. त्यातला साधारण चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची बहुतेक उष्णता होऊन सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या फिन्सवाटे हवेत जाते. पायाला जाणवणारी ती ऊब म्हणजे आपलेच पेट्रोल.

चाकापर्यंत पोचलेला हिस्सा कोण कोण घेते, तेही एकेक करून बघा. छातीवर येणारा वारा जाणवू द्या. वेग ४० वरून ८० झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला वाऱ्यापोटी चौपट ऊर्जा द्यावी लागते. मग टायर. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, आतल्या आत तापतो, आणि ते तापणेही पेट्रोलनेच होते. मग सिग्नल. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे. लिटर कमी होतोय, किलोमीटर वाढत नाहीत. मग ब्रेक. ॲक्सिलेटर पिळून कमावलेला वेग पुढच्याच गतिरोधकाला ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतो.

आणि घाट. १२० किलोची गाडी, वर ७० किलोचे तुम्ही. हे वजन ३०० मीटर उंच न्यायला, इतर खर्च सोडून, अंदाजे ७० मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे लागते. एका कटिंग चहाएवढे. उतरताना त्यातले काही परत मिळते. जेवढे ब्रेकने अडवाल तेवढे मिळत नाही. म्हणून घाटाचे मोजमाप जाण्यायेण्याचे मिळून करावे. नुसत्या उताराच्या आकड्यावर खूश होऊ नये आणि नुसत्या चढाच्या आकड्याने खट्टू होऊ नये.

आता पुन्हा पंपावर या. शक्यतो तोच पंप, तीच जागा, तीच पातळी. समजा ट्रिप मीटरवर ३१२ किलोमीटर आहेत आणि टाकीत ६.५ लिटर मावले. ३१२ भागिले ६.५. उत्तर ४८.

या उत्तराकडेही सावकाश पाहा. पातळी ओळखण्यात १०० मिलिलिटरची चूक सहज होते. साडेसहा लिटरांवर ती दीड टक्का ठरते, दोनच लिटर भरले असते तर पाच टक्के. म्हणून जितके अंतर मोठे तितका आकडा भरवशाचा. किलोमीटरचा काटाही तपासावा. महामार्गाकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी वीस-पंचवीस किलोमीटर ताडून पाहिले की तो किती पुढे-मागे आहे ते समजते. पंपाच्या मापाची शंका आली तर तिथे ५ लिटरचे प्रमाणित माप असते, ते मागता येते.

आता कंपनीचा आकडा आठवा. तुमच्या ४८ पेक्षा तो बहुधा मोठा असेल. म्हणून लगेच फसवणूक झाली असे मानू नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात, आणि धुरातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळले ते काढतात. तिथे खड्डा नाही, समोरून वारा नाही, मागे बसलेले कोणी नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. तुमचा रस्ता, तुमचे ओझे आणि तुमचा हात त्यात मोजलेला नाही. ते तुम्हीच मोजायचे.

जुन्या वहीशी ताडताना आणखी एक ध्यानात घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडच्या उसापासूनही ते बनते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे या मिश्रणाच्या लिटरमध्येच शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. आकडा तेवढा घसरला तर त्याचा दोष इंजिनावर टाकू नका.

एका टाकीवरून निकाल देऊ नये. अनेक टाक्यांचा हिशेब करताना मात्र सरासरीची सरासरी काढू नका. एकदा २०० किलोमीटरला ४ लिटर लागले, म्हणजे ५०. पुढे २०० किलोमीटरला ५ लिटर, म्हणजे ४०. दोहोंची मिळून सरासरी ४५ वाटते, पण ४०० किलोमीटरला ९ लिटर लागलेत. खरे उत्तर ४४.४. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार.

शेवटी प्रश्न उलट बाजूने धरून पाहा: १०० किलोमीटरला किती पेट्रोल लागले? ३० देणारी गाडी ३५ देऊ लागली तर १०० किलोमीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर वाचतो. ६० ची ६५ झाली तर जेमतेम १३० मिलिलिटर. वाढ दोन्हीकडे पाचाचीच, बचतीत मोठा फरक. आणि वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा टळतो. ज्याच्या गाडीला जास्त लागते, त्याने आधी मोजायला बसावे. त्याच्या हाती वाचवण्यासारखे जास्त आहे.

तेव्हा एक छोटी वही करा, किंवा मोबाइलमध्ये लिहा. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेजारी दोन शब्द: घाट, पाऊस, डबलसीट. आकडा अचानक घसरला तर आधी टायरची हवा बघा, ब्रेक घासतोय का बघा, एअर फिल्टर आणि चेन बघा. अशा पाच-सहा टाक्या लिहून झाल्या की तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला कळेल. तोवर गाडीला नावे ठेवू नका आणि तिचे कौतुकही करू नका.