तंतोतंत आणि खरं

ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानातूनच कळतं, की ते ठरवायला बाहेरचा आधार लागतो? कुमारिल भट्टांसारखे मीमांसक सांगतात, प्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, स्वतःसिद्धच असतं. खोटं ठरवणारा बाध येईपर्यंत ज्ञान खरंच मानायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून तपासून ठरतं. हा वाद मी वर्गात शिकवत आले. त्याची खरी धार मात्र मला वडिलांच्या प्रवचनांच्या फाइली सांभाळताना जाणवते.

कॅसेटींवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण आणि त्यावरून टंकलेली संहिता माझ्या लिनक्सवर, बहिणीच्या मॅकवर आणि भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर आहे. दिवाळीत सगळे जमलो की आम्ही चेकसम, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेली खुणेची ओळ, ताडून पाहतो. मी ‘एसएचए२५६सम’ चालवते, बहीण ‘शासम -a 256’, भाचा पॉवरशेलमधलं ‘गेट-फाइलहॅश’. आज्ञा वेगवेगळ्या, पण तिन्हीकडे 64 चिन्हांची तीच ओळ यायला हवी. विंडोज त्यातली रोमन अक्षरं मोठी दाखवतं, एवढाच फरक. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातला एक बिट जरी उलटला, तरी सगळी ओळच पालटते.

चेकसमची ही नजर तीक्ष्ण आहे, पण ती पाहते काय? संहितेत ‘वाऱ्यावर’ हा शब्द आहे. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा र आणि नुक्ता अशी जोडी म्हणूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, अर्थ तोच राहतो, चेकसम मात्र वेगळा येतो. उलट, टंकणाऱ्याने एखादा शब्द चुकीचा ऐकला असेल, तर ती चूकही चेकसम वर्षानुवर्षं इमानाने सांभाळतो. फाइल तेव्हा होती तशीच आज आहे, एवढीच त्याची साक्ष. तेव्हा ती बरोबर होती का, हे त्याला विचारूच नये.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा प्रतींमध्ये पाठभेद शिरले होते. चेकसमने फार तर या प्रती वेगळ्या आहेत एवढं सांगितलं असतं. कोणता पाठ घ्यायचा, हे ठरवायला नाथांची व्युत्पत्ती आणि ग्रंथावरची निष्ठाच लागली.

बरं, चेकसमवर तरी कशाच्या बळावर विसंबायचं? फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या संगणक-प्रणालीच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडचे दुवे दूषित फाइलकडे वळवले. ज्याला दुवा बदलता येतो, त्याला शेजारी छापलेला चेकसमही बदलता येतो. म्हणून त्यावर डिजिटल स्वाक्षरी करतात. मग स्वाक्षरीची किल्ली खरी कशावरून? शिवाय गणितही जुनं होतं: चेकसम काढायची एमडी५ ही पद्धत 2004 साली ढासळली, आणि 2017 मध्ये एसएचए-१ या पद्धतीने एकच चेकसम येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवण्यात आल्या. प्रमाणाला प्रमाण, त्याला पुन्हा प्रमाण. मीमांसकांनी नैयायिकांवर ठेवलेला अनवस्थेचा आक्षेप तो हाच.

मला याचं उत्तर नैयायिक उदयनाचार्यांकडे सापडतं. शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणंच जिथे शंकेच्या विरोधात जातं, तिथे शंकेची हद्द संपते, असं ते मानतात. बहिणीच्या हातून आलेल्या फाइलवर मी काम करते, तेव्हा तिच्या सचोटीवर माझा भरवसा असतोच; तो नाकारून तपासणीचं पहिलं पाऊलही टाकता येणार नाही. हा भरवसा आंधळा नाही. सबळ कारण दिसलं की तो पुन्हा तपासायची माझी तयारी आहे.

म्हणून मी नैयायिकांच्या बाजूची आहे. तपासणी बाहेरूनच व्हायला हवी, आणि ती शेवटी एखाद्या जबाबदार माणसापाशी येऊन थांबते. तो माणूस कोण, हे पुढच्या पिढीला कळलं पाहिजे. आमच्या फाइलींच्या यादीत चेकसमशेजारी आम्ही मूळ कॅसेट कोणती, ऐकून टंकलं कोणी, ताडून पाहिलं कोणी, हेही लिहितो. तंतोतंतपणाची हमी यंत्राने द्यावी. खरेपणाची हमी देणाऱ्याने आपलं नाव घालावं.