बाज उचलणारे चौघे

कर्करोग्याची शुश्रूषा करताना विश्वासाचे स्थान कोणते, हा प्रश्न आपल्या बहुतेक मंडळ्यांपुढे केव्हा ना केव्हा येतोच. एखाद्या घरी हा आजार आला की आपण प्रार्थनेसाठी जातो, आणि जावयासच पाहिजे. परंतु तेथे काय बोलावे व काय करावे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

काही जण रोग्याला सांगतात, "विश्वास पुरता असता तर एव्हाना गुण आला असता." आधीच खचलेल्या माणसावर या एका वाक्याने अपराधाचे ओझे चढते. पौलाने देहातील काट्यासाठी तीनदा विनवणी केली, तरी काटा निघाला नाही. म्हणून त्याचा विश्वास उणा होता, असे कोण म्हणेल? जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने ते कोणाच्याही माथी मारले नाही.

दुसरे काही म्हणतात, दुखणे हा वधस्तंभ आहे, तो निमूट वाहावा. वेदनाशामक औषध घेणे हा अविश्वास होय. हेही शास्त्राला धरून नाही. हिज्कीयाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलेच. शिवाय, वधस्तंभ ज्याचा त्याने उचलावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. ख्रिस्ती विश्वासानेच त्या या सेवेकडे वळल्या. कळा अनावर होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यावे, हे त्यांनी शिकविले. वेदना देहाची असते तशी मनाची, कुटुंबाची व आत्म्याचीही असते, हेही त्यांनीच सांगितले. त्यांच्याकडे कोणताही धर्म न मानणाऱ्या रोग्यालाही जागा होती. आपल्या देशात मुंबईला वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, तेही असाध्य कर्करोग्यांसाठीच.

येथे कोणी विचारील की, देवाला न मानणारी परिचारिकाही हे सारे करू शकते. मग विश्वासाने अधिक काय दिले? प्रश्न रास्त आहे. अशी निष्ठेची सेवा आपण पाहतो, व तिच्याबद्दल देवाचे आभारच मानावे. विश्वास आपल्याला दुसऱ्यापेक्षा थोर करीत नाही. परंतु रोग हटत नाही असे कळल्यावरही खाटेपाशी थांबण्याचे बळ तो देतो. कारण आपल्या सेवेचे मोल रोगी बरा होण्यावर अवलंबून नाही, हे आपण वधस्तंभापाशी शिकलो आहो.

आणि रोगीच म्हणाला, "आता मला प्रार्थना करवत नाही," तर? मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती आठवावा. त्याच्या स्वतःच्या विश्वासाविषयी तेथे एक शब्दही नाही. प्रभूने पाहिला तो त्याला आणणाऱ्यांचा विश्वास. ज्याला चालवत नाही त्याची बाज चौघांनी उचलली, छप्पर उकलले व त्याला खाली सोडले. ज्याला प्रार्थना करवत नाही, त्याचा विश्वास काही काळ मंडळीने असाच वाहावयाचा असतो. त्याला त्यासाठी दोष द्यावयाचा नसतो.

म्हणून भेटीस जाताना प्रवचन घरी ठेवावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे चुकले नव्हते. कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. रोग्याची इच्छा विचारूनच प्रार्थना करावी, व तीही थोडक्यात. अन्यधर्मीय रोग्याच्या असहायतेचा लाभ घेऊन उपदेश करू नये. रात्री जागणाऱ्या सुनेला किंवा मुलाला एक रात्र झोप मिळावी म्हणून आपण बसावे, डबा न्यावा, औषधाची वेळ सांभाळावी. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही कथा शिकविताना मुलांना विचारावे की, आपल्या मंडळीत आज कोणाची बाज उचलावयाची आहे? चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. आपलीही कोठे छापून न आली तरी चालेल.