मुलांना अंगण हवे



बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे संदेष्टा जखऱ्या याने आशेचे एक चित्र ठेवले (जखऱ्या ८:४-५). देव यरुशलेमेत पुन्हा वस्ती करील तेव्हा म्हातारी माणसे हाती काठी घेऊन चौकात बसतील आणि नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील, असे तो सांगतो. प्रभू येशूनेही बाजारात खेळणारी, एकमेकांवर रुसणारी मुले पाहिली होती व आपल्या शिकवणीत त्यांचा दाखला दिला होता.

आपल्या वडखळच्या रस्त्यावर मात्र मूल सोडता येत नाही. मुंबई-गोवा महामार्ग आणि अलिबागचा रस्ता इथेच मिळतात, ट्रक-कंटेनरची रीघ असते. त्यामुळे "बाहेर पाठवायचे कुठे?" हे आईबापांचे म्हणणे आम्हांला खोटे वाटत नाही. आणखीही कारणे ऐकू येतात. मोबाईल दिल्याशिवाय मूल जेवत नाही. बाप रात्रपाळी करून झोपलेला असतो, घरात गोंगाट चालत नाही. कार्टून पाहून इंग्रजी येते. रात्रपाळीचे कारण समजण्यासारखे आहे. इंग्रजीचे आम्हांला पटत नाही. दोन वर्षांचे मूल भाषा शिकते ती त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. मोबाईल त्याच्या बोबड्या प्रश्नाला थांबून उत्तर देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दोन वर्षांखालील बाळाला टीव्ही-मोबाईल नको; दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असल्यास उत्तम. आणि एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल व्हावी. तीन तास ऐकून घाबरू नये. पायऱ्या चढणे, आजीचा हात धरून दुकानापर्यंत चालणे, कोंबडीमागे पळणे, सारे त्यात येते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली गावाने ठरवले की, सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. हेतू शाळकरी मुलांच्या अभ्यासाचा होता, पण मोबाईल मोठ्यांनीही बाजूला ठेवायचा होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'प्रेमाचा आनंद' या प्रेरितिक पत्रात (परिच्छेद २७८) जेवणाच्या वेळी प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये गुंतलेल्या घराविषयी लिहिले आहे. लहानाच्या हातातला मोबाईल काढून घेणे त्यामानाने सोपे; जेवताना आईबापांनी आपला दूर ठेवणे अधिक कठीण.

आपल्याकडे भोंगा नाही, पण चर्चला अंगण आहे. येत्या रविवारपासून दुचाक्या कुंपणाबाहेर लावू या. मिस्सा संपल्यावर अर्धा तास अंगण लहान मुलांचे राहील. आजी-आजोबांसाठी दोन बाके सावलीत ठेवू. ज्यांच्या घरी चेंडू असेल त्यांनी तो आणावा.